आबांनी केलेलं बाळंतपण

आबा कुणालाही पहिल्यांदा भेटले की आधी त्याचं वजन सांगायचे आणि मग नाव विचारायचे. मला बघायला आलेल्या मुलाला, म्हणजे माझ्या आताच्या नवऱ्याला, माझ्या या वडिलांनी दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बासष्ट. हाडं बरी हायत, मांस न्हाय. या पावणं, बसा." तरुणपण तालमीच्या मातीत गेलेलं, कुस्ती सुटली तरी नजर काही सुटली नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला हातावर घेऊन त्यांनी दवाखान्यात ठणकावून सांगितलं, "तीन किलोला कमी न्हाय." काट्याने पावणेतीन दाखवले. "काटा बिघडलाय तुमचा," आबा नर्सबाईंना म्हणाले.

आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. त्यामुळे पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी जायचं तरी कुणाकडे, हा कुरुंदवाडला, माझ्या सासरी, मोठाच प्रश्न होऊन बसला. मावशी बोलावत होती, पण आबा ऐकतील तर शपथ. "पुरुषमाणूस काय बाळंतपण करणार?" सासूबाई न राहवून म्हणाल्या. आबा म्हणाले, "तालमीत पोरंच्या पोरं सांभाळल्यात म्या, त्यांचा खुराक बघितलाय. ही तर माझी एकटीच हाय." आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत माझं बाळंतपण सुरू झालं. बाळाला न्हाऊ घालायला एक बाई यायच्या. बाकी सगळं आबा.

बाळंतपण कसलं, खुराकच तो! सकाळी बदामाची थंडाई, दुपारी भाकरीवर तुपाची धार, रात्री बिनतिखटाचं मटणाचं अळणी पाणी. डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळले, तेही स्वतःच्या मुठीच्या मापाने. मी पुरे म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बाळ काय वाऱ्यावर वाढणार हाय व्हय? खा की गं!" मला लंगोट नेसवून आखाड्यात उतरवायचं तेवढं त्यांनी बाकी ठेवलं होतं.

बारशाचे फोटो मोबाईलवर आले आणि मी हादरले. ती बाई मी नव्हतेच. रजा संपली की पतसंस्थेत कामावर जायचं होतं आणि एक ब्लाउज अंगात चढेल तर देवाची कृपा. मग मोबाईलवरच्या कुठल्याशा सडपातळ बाईचं ऐकून मी काकडी आणि ताकावर राहायला लागले. आबांचे लाडू कपाटात दुपट्यांखाली जाऊ लागले. वजन भराभर उतरलं, मी खूश. पण बाळ पाजायला घेतलं की ओढून ओढून रडायचं, पोट भरायचंच नाही त्याचं. उठताना माझ्याही डोळ्यांपुढे अंधारी यायची.

लाडूंचा पत्ता मुंग्यांनी लावला. मुंग्यांची रांग बघत आबा कपाटापर्यंत गेले, दुपटी बाजूला केली आणि उभेच राहिले. मला वाटलं, आता पेठ गोळा होणार. हा माणूस साधं बोलला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. पण ते कॉटच्या शेजारी जमिनीवर बसले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले.

"म्या बी एकदा वजन उतरवलंतं. खालच्या गटात खेळायचं म्हणून खाणं तोडलं, पाणी सुदीक तोडलं. काट्यावर बराब्बर बसलो. मातीत उतरलो आन पायच उभं ऱ्हाईनात. उचलून आणला मला." मग बाळाकडे बघत म्हणाले, "माझ्या जिवावर मी एकटाच हुतो, पोरी. तुझ्या जिवावर दोघी हायसा."

दुसऱ्या दिवशी ते मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "उपाशी राहायचं नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, दूध, सगळं पोटभर खा. भरपूर पाणी पी, रोज चालत जा. वजन सावकाश उतरू दे." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "आणि लाडू दिवसाला एकच, लिंबाएवढा." आबांचा चेहरा एवढासा झाला. "म्हंजे मीच फुगिवली की हिला!" घरी येऊन त्यांनी सगळे लाडू मोडले आणि मुकाट्याने लहान वळले.

त्या दिवसापासून संध्याकाळी आम्ही रंकाळ्याच्या काठाने चालायला जायचो. आबा पुढे, त्यांच्या खांद्यावर बाळ, मागे मी. कुणीतरी ओळखीचं हाक मारायचं, "काय वस्ताद, नवा पठ्ठ्या व्हय?" "एक न्हाय, दोन हायत," आबा मिशीत हसून सांगायचे. मला दम लागला की बाळाचं टोपडं नीट करायच्या निमित्ताने थांबायचे. वजन उतरलं, पण इतकं हळूहळू की माझं मलाच कळलं नाही. बाळही पोटभर पिऊन निवांत झोपायला लागलं.

गेल्या वर्षी आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. यंदा मला दुसरी मुलगी झाली, सासरीच. सासूबाई मायेच्या आहेत, डबे भरलेले आहेत. त्या "जेवलीस का?" विचारतात, बाळाच्या नादात जेवण राहिलेलं असलं तरी मी "हो" म्हणते आणि त्यांना ते खरं वाटतं. आबा कधी विचारायचेच नाहीत. मी पाजायला बसले की ते उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून बसायचे आणि न बघता ताट मागच्या मागे सरकवायचे. "एक हात रिकामा हाय न्हवं? खा." ताट रिकामं होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत.

परवा बारशाला मावशी आली. मला बघून म्हणाली, "अगं बाई, या खेपेला किती लवकर उतरलीस! काय केलंस तरी काय?" जमलेल्या बायका कौतुकाने माझ्याकडे बघायला लागल्या. पहिल्या वेळी हेच ऐकायला मी जीव टाकत होते. मांडीवर बाळ दूध पीत होतं, मला कडकडून भूक लागली होती, आणि मला माझे आबा हवे होते.