सासूबाईंनी काढलेली सहल

माझ्या नवऱ्यानं ती मोटरसायकल कापूरहोळच्या एका गॅरेजात वर्षभर खपून बनवून घेतली. मागचं चाक रुंद, हँडल उंच, टाकीला बिनचकाकीचा काळा रंग. चालू केली की आमच्या वरवे गावातली कुत्री भुंकत सुटायची. सासूबाई तिला उठताबसता "रेडा" म्हणायच्या. मला ती चालवायला त्यानंच शिकवली, पण तो सोबत असेल तरच हात लावायचा, अशी तंबी होती.

मागच्या हिवाळ्यात एकदा तो कंपनीच्या बसनं कामाला गेला, आणि सासूबाईंनी हाक मारली.

"मला भावाकडं विंझरला ने."

"आत्या, एसटी येईलच की आता."

"एसटीनं नेहमीच जाती. रेड्यावर ने."

पदरावर हेल्मेट चढवून, लुगडं आवरून त्या दोन्हीकडं पाय टाकून बसल्या. नसरापूर सुटेपर्यंत माझी कंबर आवळून देवाचा धावा चालला होता. पुढं रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडं कापणी झालेली भातखाचरं, समोर राजगड, आणि मागून आवाज आला, "अगं, पळव की!"

विंझरला भावाचं घर दिसलं तसा मी वेग कमी केला.

"थांबू नगंस. वेल्ह्यापतुर चल."

वेल्ह्यात टपरीवर चहा घेतला. गाडीभोवती कॉलेजची पोरं जमली. "आजी, कुणाची गाडी?"

"माजीच हाय. ही सून चालवती."

परतताना विंझरला थांबलो, तर तिथंही तीच थाप. नवी गाडी म्हणून त्यांच्या भावजयीनं हौसेनं ताट आणलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत टाकीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली.

घरी आल्यावर ते कुंकू निघेना. पाण्यानं पसरलं, खोबरेल लावलं तर तेवढाच भाग चकाकायला लागला. संध्याकाळी नवऱ्याचं लक्ष गेलंच.

"हे कुणी केलं?"

मी भाजी निवडत बसले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्या. तुज्या गाडीला कुणाची दिष्ट लागाय नगं म्हणून पूजा केली."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला त्याची दयाच आली. "आई, रविवारी तुला फिरवून आणतो. घाबरू नकोस."

रविवारी हेल्मेटचा पट्टा कसा लावायचा, हे त्यांनी त्याच्याकडून नव्यानं शिकून घेतलं. दोघं भाटघरच्या पाण्याच्या कडेनं फिरून आली. "आई जरासुद्धा घाबरली नाही!" तो मला कौतुकानं सांगत होता.

तो अंगणात गेल्यावर सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "लई हळू हाकतो गं. उद्या त्याला कामाला जाऊ दी, मग बघू."