गादीवाल्याची तोंडी परीक्षा

बाईंची उभी हयात वर्गात कॉप्या पकडण्यात गेली. नोकरी सुटली, नजर सुटली नाही. दूधवाला जरा जास्त हसला तरी त्यांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं. अशा बाईंनी ब्लॉग लिहावा आणि अनोळखी लोकांनी त्यांना गोड गोड ईमेल पाठवाव्यात, म्हणजे पाठवणाऱ्यांचीच कीव करायला हवी.

ब्लॉगचं नाव ‘कूस’. बाईंचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांना कुशीवर कसं वळवायचं, चिडलेल्या माणसाला दोन घास कसे भरवायचे, हे बाई लिहीत गेल्या. शेवटचा लेख यजमान गेल्यावरचा, ‘रिकामा पलंग’. त्यानंतर लिहिणं थांबलं. आपलं हे कुणी खरंच वाचतं का, या एका प्रश्नाने मात्र त्यांना छळलं. बोलून दाखवत नसत, पण सकाळी आधी ईमेल, मग चहा.

आणि ईमेल कसल्या! पहिल्या ओळीत ‘तुमचा ब्लॉग अतिशय आवडतो’, दुसऱ्या ओळीत ‘आमच्या मालाबद्दल चार शब्द लिहा’. एकाने तर ‘तुमच्या पाककृती लाजवाब असतात’ असं कळवलं.

“पाककृती?” बाई सुनेवर उखडल्या. “गोळी कुस्करून पाण्यातून कशी द्यायची, ते लिहिलंय मी!”

“तीच आवडली असेल त्याला,” सून म्हणाली.

तेव्हापासून बाईंनी तोंडी परीक्षा सुरू केली. येईल त्याला उलट एकच प्रश्न: कोणता लेख आवडला, आणि का? भलेभले गारद झाले. परत कुणी तोंड दाखवलं नाही.

टिकला तो एक गादी कंपनीतला माणूस. त्याने लिहिलं, ‘सगळा ब्लॉग वाचलाय. यजमान भिंतीकडे तोंड करून अबोला धरायचे, तेव्हा तुम्ही पलंगच फिरवलात, तो लेख. मी खूप हसलो.’ बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. कुणाकडून वाचून घेतलं असेल मेल्याने, असंही वाटलं. पुढे होतं, ‘परवानगी असेल तर गादी पाठवतो. यजमानांच्या पाठीला आराम पडला, तरच लिहा.’

सापडला! बाईंनी खालचा नंबर तडक फिरवला.

“सगळा ब्लॉग वाचलात म्हणे?”

“हो. म्हणजे, जवळजवळ.”

“शेवटच्या लेखात काय आहे?”

“तो नाही वाचला.”

“कंटाळलात?”

“नाही हो. नाव बघितलं आणि बंद केलं.” मग त्याने सांगून टाकलं. “घरी माझी आई तशीच आहे. तुमचं वाचूनच मी तिला वळवायला शिकलो. नावावरून कळलं होतं मला. पण वाचलं नाही तोवर ते आहेत, असं धरून चाललो. चुकलंच माझं.”

बाईंनी झाडायला तयार ठेवलेली वाक्यं तशीच सोडून दिली. तरी खोड जाते थोडीच?

“आईंना जास्त त्रास कुठे होतो?”

“डाव्या टाचेला. लाल झालीय. उशी पोटरीखाली ठेवतो, टाच अधांतरी राहील अशी. टाचेखाली ठेवली की वाढतं.”

हे नुसतं वाचून कुणी असं फाडकन सांगत नाही, त्याला हात लागतात. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“गादी मला नको, आईंना घाला,” त्या म्हणाल्या. “आणि तो लेख वाचायचा नाही. आत्ता मुळीच नाही. उद्या टाच कशी आहे ते कळवा.”

फोन ठेवून त्यांनी सुनेला हाक मारली.

“तो शेवटचा लेख तिथून काढता येतो का गं, थोडे दिवस?”

“का हो आई? इतका जीव ओतून लिहिलात.”

“वाचू नका म्हणून सांगितलंय त्याला,” बाई म्हणाल्या, “पण वाचेल तो. माझा नाही विश्वास.”