पेटीतला पेंढ्याचा दोर

कोबे बंदरामागे आमची शेड आहे. परदेशी स्वार आपल्या मोटारसायकलीवर जपानभर हिंडतात आणि घरी पाठवायला गाडी आमच्याकडे सोडतात. तिला लाकडी पेटीत बंद करायचं काम इगावा शिगेकोसान यांचं. नवरा गेला तेव्हा त्यांनी त्याचा हातोडा उचलला, तो अजून खाली ठेवलेला नाही.

त्या डिसेंबरात न्यूझीलंडचा तामाती आला. होक्काइदोपासून कागोशिमापर्यंत फिरलेली गाडी चिखलाने माखली होती. गाडी त्याच्या वडिलांची. ते अंथरुणाला खिळलेले. तिचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच मागत होते.

न्यूझीलंडला परक्या मातीचा कण की धान्याचा दाणा चालत नाही. सापडला तर गाडी बंदरातच अडकते. शिगेकोसाननी तामातीच्या हातात दात घासायचा ब्रश दिला.

"काकू, जन्मात एवढं धुतलं नव्हतं हिला."

"दिसतंय. कानांवरूनही फिरव तो ब्रश."

टाकी रिकामी झाली, चाकं आवळली, झाकण ठोकलं. तामाती विमानाने गेला आणि पेटी कंटेनरच्या यार्डात.

दुसऱ्या दिवशी मी शेड झाडत होतो. नववर्षासाठी दाराला पेंढ्याचा दोर बांधायचा होता.

"शिगेकोसान, दोर कुठंय?"

"हा दाराचा. गाड्यांचे छोटे मी कालच..." त्या थांबल्या.

वर्षअखेरीला गाडीलाही तसा दोर बांधतात, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. सवयीच्या हातांनी त्यांनी तामातीच्या हँडललाही बांधला होता.

"भाताच्या लोंबीसकट," त्या म्हणाल्या.

"एवढासा तर आहे. शिवाय पंधरा जानेवारीआधी काढला तर वर्षदेव पाठ फिरवतो, असं तुम्हीच सांगता."

"माझ्याकडे फिरवू दे पाठ. तिकडे त्याचा बाप वाट बघतोय. चल, पहार घे."

दुपारी कंटेनरला कुलूप लागणार होतं. यार्डातला मुकादम मुरासे बघतच राहिला. "इगावासान, स्वतः ठोकलेली पेटी स्वतःच फोडणार?"

"तोंड आवर, मुरासे. हे खिळे धर."

दोर निघाला, पण लोंबीतले काही दाणे टाकीखाली सांडले होते. शिगेकोसाननी बोट ओलं करून एकेक टिपला, टॉर्च मारून पुन्हा पाहिलं, मग झाकण ठोकलं. मुरासे तोवर घड्याळाकडे बघून उसासे टाकत होता.

काढलेला दोर टाकून देत नाहीत. त्यांनी तो आपल्या स्कूटरला बांधला. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात स्कूटर दोनदा पंक्चर झाली. दोन्ही वेळा शेडपर्यंत ढकलत आल्या. पंधरा तारखेला देवळापुढे असे दोर जाळायची होळी पेटते, तीत त्यांनी तो टाकला.

गाडी बंदरातून सुटल्याचं तामातीने नंतर फोनवर कळवलं. मागून इंजिनाची घरघर येत होती, त्यामुळे पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. शिगेकोसाननी फोन कानापासून लांब धरला.

"दोन्ही पंक्चरं फिटली," म्हणाल्या आणि पुढच्या पेटीची फळी मापू लागल्या.