मामाजींचं पाणी आणि खाटेखालची टरबुजं

२० एप्रिल १९८९. सकाळी मी मामाजींचं दिवसभराचं पाणी मोजून तांब्यात भरत होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. महिन्याभरापूर्वी त्यांच्या पायांवर सूज आली, अंगणातून ओसरीवर यायचं तरी धाप लागायची. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हृदय अशक्त झाल्याचं सांगितलं. पानी कम, नमक बंद, फल चलेगा. हिंदीतलं असलं तरी आम्हा सगळ्यांना नीट कळलं. दिवसाला एकच तांब्या, चहा आणि गोळ्यांचं पाणीही त्यातलंच. मी त्यात थेंबाची सूट देत नव्हते. तरी सूज उतरेना. त्या आठवड्यात तर ती पिंढऱ्यांपर्यंत चढली. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

आमचं गाव जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या काठाला. नदी आटली की वाळूत टरबुजाच्या वाड्या लागतात. आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि त्या दिवसांत हाताशी असायचं ते टरबूजच. तेही ढिगातलं सगळ्यात मोठं. लहान नेलं तर आजाऱ्याची किंमत कमी केल्यासारखं दिसतं. मामाजींच्या खाटेखाली काळपट गोल आणि लांबट पट्ट्यापट्ट्यांची अशी टरबुजं साचली होती. वांकिडीला दिलेली माझी नणंद वडिलांच्या सेवेला आली होती. ती त्यांना सकाळ-संध्याकाळ भरून फोडी द्यायची. टरबूज थंड असतं, रक्त वाढवतं, लघवी साफ करतं, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी फळ चालेल म्हटलेलं, त्यामुळे मीही काही बोलले नाही.

त्या दिवशी चुलत दीर दोन टरबुजं घेऊन आले. दोन्ही दिसायला सारखीच. मामाजींनी आयुष्यभर वाडी केलेली, त्यामुळे निवड त्यांच्याकडे. त्यांनी दोन्ही उलटून बुडाचा डाग पाहिला. एकाचा पांढरट होता, म्हणजे वेलावरून लवकर तोडलेलं. दुसऱ्याचा चांगला पिवळा आणि देठाजवळची वेलाची कुरळी तार वाळलेली, म्हणजे पुरतं पिकलेलं. मग टिचकी मारली. कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं बद्द. शेवटी त्यांनी दोन्ही एकेक करून मांडीवर घेतली आणि पिवळ्या डागाचं पुढे सरकवलं.

"हे काप. सारक्या मापाचं असून जड लागते. आतमंधी पानी भरलं हाये."

दीर हसून म्हणाले, नजर कमी झाली तरी म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे. मी मात्र विळी घेऊन तिथेच थांबले.

मग स्वयंपाकघरात जाऊन एक जाड फोड फडक्यात बांधून पिळली. वाटी भरून वर ओघळ गेला. फडक्यात उरलं ते चिमूटभर. नणंद दारात उभी राहून पाहत होती. तिला म्हटलं, सकाळपासून किती फोडी झाल्या ते आठवा. ती बोटांवर मोजायला लागली आणि एका हाताची बोटं पुरली नाहीत.

दीर गेल्यावर मी खाटेखालची टरबुजं ओढून बाहेर काढली. मामाजींनी कारण विचारलं नाही. मीच सांगितलं, की हे सगळं पाणीच आहे, तांब्यातलं मोजून काय उपयोग.

"मले मालूम हाये," ते म्हणाले.

"मग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो त तूनं तेबी बंद केलं असतं. जीभ टाळूले चिकटते, सूनबाई. तुमी समदे समोर बसून घटाघटा पानी पेता."

नणंद रडायला लागली. ते तिच्यावरच खेकसले, की रडायचं असेल तर वांकिडीला जाऊन रड. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सुजलेले पाय समोर दिसत होते आणि त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्यासमोर पाणी प्यायला कुणी धजेना. सगळे गोठ्यात जाऊन पीत होते. ते त्यांनाही कळत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी टरबुजं फोडून म्हशीपुढे टाकली. आणखी कुणी घेऊन आलं तर दारातूनच परत करायचं, असं नणंदेला बजावलं आणि मामाजींना पहिल्या बसनं आदिलाबादला नेलं. डॉक्टरांनी सूज पाहिली आणि गोळ्या बदलून लिहायला घेतल्या. मी टरबुजाचं सगळं सांगितलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, पाणी कमी करतोच आहोत, पण यांना तहान लागते, तिचं काय करायचं ते आधी सांगा.