निळा धूर सोडत गोंदियाला

आमची गाडी कुठं गेली ते गावाला विचारावं लागत नाही. मागं निळा धूर राहतो. त्या सकाळी दवनीवाड्यातून निघालो तेव्हा धुरानं अर्धी गल्ली भरली. शेजारीण दारातच उभी होती.

"बाई, फवारणी करून राहिली का गावाची? सारे मच्छर मेले."

"मेले तं बरं झालं. झोप आता निवांत," मी म्हटलं.

गाडी म्हणजे ट्रक, जुना. माझ्या नवऱ्यानं घेतला, तो असेपर्यंत त्यानंच चालवला. तो गेल्यापासून शालिक चालवतो. शालिक आमच्याच गावचा, दोन लेकरांचा बाप, बोलायला कमी. हंगामात लोकांचं धान राइस मिलला पोचवायचं, हेच काम. पण गाडी इंजिनातलं तेल फार खाऊ लागली होती. रोज सकाळी मी तेलाची पट्टी ओढायची. इंजिनात तेल किती आहे ते या लोखंडी पट्टीवरच्या खुणेवरून कळतं. तेल खुणेच्या खाली दिसायचं. मग डब्यातून ओतायची. आधी हे काम नवरा करायचा. नंतर मी करू लागले. कोणी सांगितलं नव्हतं.

लेक विजय नागपूरला असतो. तो फोनवर म्हणाला होता, "आई, मेकॅनिकनं इंजिन उघडा म्हटलं तर एवढा खर्च नको करू, गाडी भंगारात दे आन् इकडं ये. वरची खोली रिकामीच आहे." मी हो म्हटलं होतं. त्या खोलीत मी एकदा राहून आले आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. सून चांगली आहे, पण दिवसभर तिथं मी काय करायचं ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून शालिकला एकट्याला न पाठवता मी स्वतः गाडीत बसले. निकाल लागायचा तर माझ्यासमोर लागू दे.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी बांध्या (धानाची लहान लहान शेतं) कापून मोकळ्या झालेल्या होत्या. जागोजागी पुंजणे (धानाच्या भाऱ्यांचे ढीग) उभे होते. एका बांधीत बायका भारे बांधत होत्या. त्या एकमेकींना काहीतरी बोलून हसत होत्या, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. काचेजवळचा छोटा निळा झेंडा हलत होता. शालिक पुढं पाहत होता. नवरा चालवायचा तेव्हा तोही बोलायचा नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं.

अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो. आलुबोंडा गरम होता, मिरची कच्ची होती. टपरीवाल्यानं आमच्या गाडीकडं पाहिलं.

"काऊन वो मावशी, भट्टी घेऊन फिरून राहिल्या का?"

"तुया चहापेक्षा तिचा धूर बरा," मी म्हटलं. बाकावरचे दोघं हसले. मग ते आपापल्या बोलण्याला लागले आणि मी माझा कप संपवला.

गोंदिया जवळ आलं तसं वर एक लहानसं विमान दिसलं. बिरसीच्या विमानतळावर पोरं विमान चालवायला शिकतात. ते एकच गोल घेत होतं, जायचं आणि पुन्हा तिथंच यायचं. मान दुखेपर्यंत पाहिलं.

गॅरेज रस्त्याला लागून होतं. मेकॅनिक रशीदभाई, दाढी पांढरी, बोलणं हिंदी. गाडी आत आली तसा तो खोकला.

"अम्मा, ये गाडी है या अगरबत्ती?"

"पाहून सांगा. इंजिन उघडावं लागते का, तेवढंच सांगा."

त्यानं चालू इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं आणि त्या भोकाशी तळहात धरला. हवा किती जोरात येते ते पाहत होता. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होते. इंजिन बंद करून तो म्हणाला, "ठंडी होने दो."

शालिकचा मावसभाऊ गोंदियात राहतो. "काकी, चला न जेवाले. त्यायले बरं वाटन."

"जा तू."

तो गेला. मी एका जुन्या टायरवर बसून घरून बांधून आणलेली भाकर आणि वांग्याची भाजी सोडली. गॅरेजमध्ये दुसरी बाई नव्हती. कोणी ऊठ म्हटलं नाही, कोणी बस असंही म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर रशीदभाईनं पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. मग ती माझ्यासमोर धरली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर होतं.

"इतना तेल किसने डाला?"

"मीच. सकाळी खाली होतं, म्हणून टाकलं."

"घर में गाडी खडी कहाँ करते?"

"बोडीच्या पाळीवर." बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. "उतारावर, तोंड खाली करून."

"उतार पे कायले?" 'कायले' म्हणजे कशाला, हा शब्द तो आमच्यासारखा बोलला.

मग मी सांगितलं. जुनी बॅटरी मेलेली असायची. नवरा गाडी पाळीवर तोंड खाली करून लावायचा, सकाळी ब्रेक सोडला की घरंगळत सुरू व्हायची. नंतर नवी बॅटरी आली. तरी गाडी पाळीवरच राहिली, आणि तेलही तिथंच पाहिलं जायचं. ते ऐकून रशीदभाईनं समजावलं. आमच्या गाडीची पट्टी इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे. उतारावर तेल पुढं वाहून जातं, पट्टीला लागतच नाही. आम्ही कमी समजून ओतत राहिलो. जास्तीचं तेल इंजिन वर ओढून जाळत राहिलं.

"मंग उघडावं लागते का?" मी पुन्हा विचारलं.

"पूरा नहीं. जादा तेल निकालता हूँ. हवा का पाइप चोक है, वो साफ करता हूँ. ऊपर के सील कडक हो गए, बदलता हूँ. फिर भी थोडा पिएगी. उमर है."

"माझीबी आहे," मी म्हटलं. "मी नाही पीत."

तो मोठ्यानं हसला. मला बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी परतताना मी आरशात मागं पाहत बसले. सुरू होताना थोडा धूर आला, मग रस्ता स्वच्छ. विजयला फोन केला.

"झाली दुरुस्त."

"मग येत नाहीस?"

"कायले येऊ?"

तो म्हणाला, "बरं."

गावात शिरल्यावर शालिकनं सवयीनं गाडी पाळीकडं वळवली. मी म्हटलं, "खळ्यावर लाव. सपाटीवर." त्यानं मागं घेतली. पाळीवर गाडीच्या चाकांच्या दोन खोल खाचा तशाच राहिल्या.

नागपूरची भिंत टळली. त्यासाठीच गेले होते आणि ते जमवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तेलाचा डबा घेतला आणि खळ्यावर गेले. पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घालून पाहिली. तेल बरोबर खुणेवर होतं. डबा तसाच परत आणला. चहा ठेवला, एक कप. तो पिऊन झाल्यावर पुन्हा खळ्यावर जाऊन पट्टी ओढली. तेल होतं तिथंच होतं.