टाल्केची चुलीजवळची जागा

टाल्के ब्रोकहोफ कशी बाई होती, असं गावात कुणालाही विचारा. आधी तोंड वाकडं होईल, मग उत्तर येईल, "खाष्ट. पण घर राखलं हो तिनं!" राखलं हे खरं. कुणासाठी राखलं, हे मात्र कुणी बोलत नाही. अशा वेळी गाव फार शहाणं होतं.

हाझे नदीकाठच्या आमच्या सखल मुलखात शेतकऱ्याचं घर म्हणजे एकच अजस्र छप्पर आणि खाली ओकच्या खांबांच्या दोन रांगा. मधे भरली गाडी आत येईल एवढी मळणीची जागा, दोन्ही अंगांना गाईघोडे, तोंडं मधल्या बाजूला. भिंती नुसत्या कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या. त्या ढासळल्या तरी घराला काही होत नाही. सगळा भार लाकडाच्या सांगाड्यावर. अगदी आतल्या टोकाला जमिनीवरच चूल, धुराडं नाहीच. धूर वर टांगलेल्या मांसात मुरत मुरत बाहेर जायचा. चुलीपाशी बसलेल्या बाईला सगळं घर एका नजरेत दिसायचं. कोणती गाय खात नाही, कोणता गडी टंगळमंगळ करतोय, मोठ्या दारातून कोण येतंय. टाल्के त्या जागी एक्केचाळीस वर्षं बसली.

मालकीण मात्र ती नव्हती. मालक तिचा भाऊ डिर्क. त्याची बायको बाळंतपणात गेली तेव्हा टाल्केचं लग्न सुतार बेरेंडशी ठरलेलं होतं. तिनं ते पुढे ढकललं आणि तान्ह्या आइलर्टला मांडीवर घेतलं. बेरेंड दोन वर्षं थांबला, मग त्यानं दुसरी केली. त्याला तरी दोष कसा द्यायचा?

आमच्याकडे शेताच्या वाटण्या होत नाहीत. सगळं एकाला जातं, आणि बिनलग्नाच्या बहिणीला मरेपर्यंत चुलीजवळ जागा, दोन वेळचं जेवण आणि हिवाळ्याला लोकरीचं कापड. डिर्कनं म्हातारपणी शेत आइलर्टच्या नावावर केलं तेव्हा बहिणीचा हा हक्कही कागदावर लिहून घेतला. कागदात शब्द होते, 'या घरात'. टाल्केनं ते दोनदा वाचले आणि समाधानानं मान डोलावली. दोनशे वर्षं जे जागचं हललं नाही ते आता कुठं जातंय!

डिर्क गेला. मग एकोणीसशे एकाहत्तरच्या वसंतात जिल्ह्याच्या संग्रहालयाचे डॉक्टर केसलर आले. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, जुन्या घरांचे. आइलर्टनं त्यांना आत आणलं आणि स्वतः मागे गव्हाणीपाशीच थांबला.

"घर सुंदर आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "पण असं घर उतरवायचं तर कोणतं लाकूड कुठलं हे कळायला हवं. नाहीतर सरपणच."

उतरवायचं हा शब्द टाल्केच्या कानावरून गेला. घराला कुणी नावं ठेवतंय एवढंच तिला ऐकू आलं.

"सरपण? अहो, आमचे सुतार काय आंधळे होते?" तिनं पदर खोचावा तसा अ‍ॅप्रन वर खोचला, ओलं फडकं घेतलं आणि खांबावरची काजळी घासली. खाली कोरलेल्या रेघा निघाल्या. "हे बघा. या खांबाला तीन, वरच्या तुळईला तीन. पलीकडच्या रांगेत रेघेला फाटा आहे, म्हणजे डावंउजवं चुकायला नको. एकूण एक जोडावर आहे. जमिनीवर जुळवून मगच उभं केलंय हे."

"सगळ्या जोडांवर?" डॉक्टरांचा आवाज चढला. "दाखवता?"

तिनं दाखवलं. तीन दिवस, शिडी धरायला लावून, बासष्टाव्या वर्षी. एवढं लक्ष देऊन तिचं कुणी आजवर ऐकलं नव्हतं. भोळी नव्हती ती, अभिमानी होती, आणि अभिमानी माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो तो असा.

आइलर्टनं घर संग्रहालयाला देऊन टाकलं होतं. ऑगस्टात जोडांतल्या लाकडी खुंट्या ठोकून बाहेर काढल्या आणि सांगाडा गाड्यांवर चढला. शेजारी आइलर्टचं विटांचं नवं घर तयार होतं. खोल्या तीन.

"माझी कुठली?" टाल्केनं विचारलं.

आइलर्टनं बायकोकडे पाहिलं. रेनाटे म्हणाली, "आत्या, आम्ही कागद वकिलाला दाखवून आणला. हक्क त्या घरातला होता. ते घर आता इथं नाही. तालुक्याच्या वृद्धाश्रमात छान सोय होते म्हणतात."

"तू बोल रे," टाल्के भाच्याला म्हणाली. "तुझ्या तोंडानं बोल."

"कागदात तसंच आहे, आत्या," आइलर्ट म्हणाला. मांडीवर वाढवलेलं पोर, पण वर बघायची हिंमत झाली नाही. माझ्या मते तो वाईट नव्हता, नुसता मऊ होता. मऊ माणसं वाईटापेक्षा जास्त नासाडी करतात.

दोन वर्षांनी घर संग्रहालयाच्या माळावर उभं राहिलं. एक रेघ चुकली नव्हती. डॉक्टर स्वतः वृद्धाश्रमात आले. "बाई, रविवारी चुलीपाशी बसाल का? जुना पोशाख आम्ही देऊ. लोकांना बघायला बरं वाटतं."

ती गेली. चुलीजवळ बसली आणि समोर नजर टाकली. दोन्ही अंगांना गव्हाणी रिकाम्या, आणि मोठ्या दारातून अनोळखी माणसं आत येत होती. एका बाईनं मुलाला सांगितलं, "हात नको लावूस, त्या खऱ्या आहेत." दिवसभर टाल्केनं विचारेल त्याला उत्तर दिलं, खाष्टपणा न करता.

पाचला पहारेकरी किल्ल्या घेऊन आला. "चला आजी, बंद करायचंय. घरी जा आता."

टाल्केनं विस्तवावर राख ओढली, उठली, दाराशी थांबली.

"उद्या किती वाजता उघडता?"

"उद्या सोमवार, आजी," तो म्हणाला. "सोमवारी कुणालाच आत सोडत नाही."