कापसाच्या खोलीतला चिनी इलाज

आमच्या बायकोला आमवात आहे. सकाळी उठली की तिची मूठ मिटत नसे. यवतमाळच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली, त्या गोळीने बोटं सैल होऊ लागली; पण गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वासानेही तिला मळमळायचं.

"मले नाही घ्याची आता ही गोळी," ती म्हणाली.

आयुष्यात बैलाच्या खांद्याला हळद लावण्यापलीकडे कोणाचा इलाज न केलेला मी म्हणालो, "नको घेऊ. मी पाह्यतो ना!"

मोबाइलवर मी एक चिनी वैद्य पाहिला होता. वाळक्या पाल्याची कांडी पेटवून तो दुखऱ्या सांध्याजवळ धरायचा. पाला दवण्याच्या जातीतला, एवढं ऐकलं आणि मला पुरलं. दवणा वाळवून वर्तमानपत्रात वळला. कांडी विडीच्या थोरल्या बहिणीसारखी दिसत होती.

उपचाराला मधली खोली निवडली, कारण तिथे वारा नव्हता. वारा नव्हता, कारण भाव चढण्याची वाट पाहत ठेवलेला कापूस खिडकी झाकून वर गेला होता. एवढी अक्कल मी एकट्याने चालवली, कोणाची मदत घेतली नाही.

उबेने तिला बरं वाटायचं. मी मनात दवाखान्याची पाटीसुद्धा रंगवली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अवो, काहीतरी जळून राह्यलं."

"दवणा आहे तो."

"दवणा कायचा? तुमच्या मांगं पाहा!"

ठिणगी पडून कापूस आतल्या आत धुमसत होता. मी हातांनी ओढून अंगणात फेकू लागलो. तिने बादली उचलली, पण कडीवर बोटं मिटेनात, बादली निसटली. दुसरी तिने कोपरात अडकवून आणली. आग विझली. ती ओल्या कापसाजवळ बसली, हाताकडे पाहत.

"गोळी सोडली तवापासून मूठ पुन्हा मिटत नाही," ती म्हणाली. "तुमाले वाईट वाटन, म्हणून बोलली नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून आधी विचारलं, "घर शाबूत आहे ना?" मग समजावलं. या आजारात शरीराच्या राखणदार पेशी बिथरतात, हावरटासारखं इंधन ओढतात आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. काही चिनी वनस्पतींनी ती हाव आवरते का, यावर संशोधन सुरू आहे. "तुमच्या कांडीने मात्र नुसता शेक मिळतो. तो गरम पाण्यानेही मिळतो, आणि पाण्याने कापूस पेटत नाही." मळमळीसाठी त्यांनी वेगळी गोळी जोडून दिली.

गोळी पुन्हा सुरू झाली. पावसाळा सरता सरता एका सकाळी चहा पिताना मी सहज म्हणालो, "सुया टोचायचाही एक चिनी प्रकार असतो म्हणे."

तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. अंगठा आणि बोट, पुरतं मिटून, वर पीळ देऊन. मी ओरडलो. दंडावर निळा डाग उठला, तो जाईपर्यंत मी बाह्या वर करूनच गावभर हिंडलो.